नदी कोणी राखावी?

शहरांतून वाहणाऱ्या नद्यांची व कालव्यांची निगा काठच्या रहिवाशांनी राखावी, असा उपदेश हल्ली पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो. उपदेश चांगला आहे; परंतु तो कोण करितो व कोणास करितो, हे पाहिल्यावाचून त्यास मान डोलवावी असे आम्हांस वाटत नाही.

पुण्याचेच उदाहरण घ्या. खडकवासल्याच्या धरणातून निघालेला मुठा उजवा कालवा शहरातून जातो व पुढे दौंड, इंदापूर या तालुक्यांतील शेतांस पाणी देतो. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पर्वतीच्या पायथ्याशी, जनता वसाहतीजवळ, तो फुटला आणि पाणी दांडेकर पुलाच्या वस्तीत शिरले. गोरगरिबांचे संसार वाहून गेले. उंदीर, घुशी व खेकडे यांनी भराव पोखरला, असे कारण सरकार पक्षाकडून सांगण्यात आले. खेकडे बिचारे उत्तर देत नाहीत! नदीचीही गोष्ट तशीच. मुठेत मैला जातो तो सर्व शहराचा, उंच माड्यांचाही. पण घाण करितो कोण असे विचारले, की बोट काठच्या झोपडीकडे वळते.

तर मग काठच्यांचे कर्तव्य काहीच नाही काय? आहे. गटार कोठे फुटले, रात्री कोणाची गाडी पात्रात राडारोडा ओतून गेली, हे ज्यांच्या दारासमोर घडते त्यांसच प्रथम कळते. ते गप्प राहिले तर नदीच्या वतीने दुसरे कोण बोलणार?

परंतु धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षे चालत आलेली फड पद्धती पाहा. तेथे पाटातील गाळ काढावयास गावकरी येत, ते कोणी हुकूम केला म्हणून नव्हे. पाटकरी व जागल्या त्यांनीच नेमलेले. पाण्याची पाळी त्यांच्याच पंचांनी ठरविलेली. पाणी थोडे असेल त्या वर्षी कोणता फड पडीत ठेवावा, हेही त्यांनीच ठरवावयाचे. कुदळ ज्याच्या हाती, त्याचा शब्दही पंचांत. उलट, वाटणीत ज्यास शब्द नाही त्याच्या हाती नुसता खराटा देणे, यास सहकार्य म्हणावे की वेठ? वेठ म्हणजे काय, हे आमच्या पुष्कळ वाचकांच्या वाडवडिलांनी गावकीत भोगलेले आहे; त्यांस ते समजावून सांगावयास नको.

कोणी म्हणतील, आधी हक्क, मग काम, असे म्हणत बसल्यास घाण तशीच राहील. खरे आहे. हात आखडून बसावे असे आमचे म्हणणे नाही. रविवारी काठावर जाऊन प्लास्टिक वेचणाऱ्यांचा आम्हांस आदरच वाटतो. मात्र त्यांनी वेचलेल्या पिशव्यांनी मैला थांबत नाही. तो थांबविण्यास महानगरपालिकेचा पैसा लागतो, व तो कोठे खर्चावा हे सभेत ठरते. मुळा-मुठेचे हेच पाणी पुढे भीमेस मिळून उजनीच्या धरणात साचते. तेव्हा त्या सभेत दांडेकर पुलाजवळचा रहिवासी बसला पाहिजे, तसाच दौंडकडचा शेतकरीही. आणि खराटे वाटण्यापूर्वी बसला पाहिजे.