वारस नोंद

गेल्या उन्हाळ्यात आजोबांच्या वारस नोंदीसाठी चार दिवस सुट्टी टाकून पुण्याहून मंगरूळपीरला गेलो होतो. तलाठी साहेब दुपारून येतील असं कळलं, म्हणून बाहेरच्या टपरीवर चहा घेत बसलो. तिथं शाळेपासूनचा मित्र भेटला. त्याचे अब्बा दोन वर्षांपूर्वी गेले. मागे बाजारातलं एक दुकान आणि राहतं घर. माझ्या हातातली फाईल बघून तो म्हणाला, "आमचं तं एका चिठ्ठीवर झालं होतं." आणि टपरीवाल्याकडून कागद मागून त्यानं हिशेब मांडूनच दाखवला.

मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी. बायकोला १/८. उरलेल्या ७/८ चे तीन भाग, त्यातले दोन मुलाला, एक मुलीला. म्हणजे २४ भाग केले तर अम्मीला ३, बहिणीला ७, त्याला १४. चोवीसातले चौदा म्हणजे किती? ७/१२. आम्ही दोघंही हसलो. तलाठी कार्यालयाच्या दारात बसून सातबारा निघाला होता, तोही अपूर्णांकाचा.

बहिणीला भावाच्या निम्मं, हे मला पटत नाही. त्यालाही ते पूर्ण पटतं असं नाही. पण त्या कागदाकडे बघताना मला वेगळंच काहीतरी आठवलं. अशीच गणितं नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मीनं लिहिली. खलिफा अल-मामूनच्या काळातलं त्याचं बीजगणिताचं पुस्तक आपण समीकरणांसाठी ओळखतो, पण त्याचा जवळपास अर्धा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांनी भरलेला आहे. पुस्तकाच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून अल्जिब्रा आलं आणि त्याच्या स्वतःच्या नावाच्या लॅटिन रूपावरून अल्गोरिदम. मी पगार ज्या गोष्टीचा घेतो, तिला या माणसाचं नाव आहे.

आणि याच माणसावरून मी माझ्या मित्राचा एकदा अपमान होऊ दिलाय.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. आम्ही एकाच बाकावर बसायचो. एक सर शिकवता शिकवता म्हणाले, बीजगणित आपलं, शून्य आपलं, अरबांनी फक्त हमाली केली, इकडचा माल तिकडे नेला. वर्ग हसला. मी हसलो. मित्रही हसला, आणि ते हसू कसलं होतं हे मला तेव्हाच कळलं होतं. मी बोललो नाही, कारण सरांचं म्हणणं निम्मं तरी खरं आहे असं मला वाटत होतं.

निम्मं खरं आहेच. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली शून्याचे आणि ऋण संख्यांचे नियम लिहून ठेवले. ७७० च्या दशकात सिंधकडून आलेल्या मंडळींबरोबर संस्कृत खगोलशास्त्र बगदादला, अल-मन्सूरच्या दरबारात पोहोचलं. त्यातून जो ग्रंथ तयार झाला त्याचं नाव 'सिंदहिंद', म्हणजे आपल्या 'सिद्धान्त'चंच अरबी कान-नाक. अल-ख्वारिझ्मीनं हिंदू आकडेमोडीवर वेगळं पुस्तक लिहिलं. मूळ अरबी प्रत हरवली, लॅटिन रूप उरलं. युरोप आकड्यांना अरबी म्हणतो, पण अरब स्वतः त्यांना हिंदी म्हणत आले.

बीजगणिताचं मात्र तसं नाही. ब्रह्मगुप्त ऋण संख्या सहज वापरतो, अज्ञातांसाठी रंगांची नावं वापरतो. अल-ख्वारिझ्मी ऋण संख्यांना दारातच उभं करत नाही, म्हणून त्याला वर्गसमीकरणांचे सहा वेगवेगळे प्रकार करावे लागतात. सगळं शब्दांत लिहितो, एकही चिन्ह नाही, आणि मग चौरस-आयत काढून पद्धत बरोबर का आहे ते दाखवतो. कोड चोरणारा माणूस सगळ्यात उपयोगी फंक्शन मागे ठेवून जात नाही. इथं विचार करण्याची तऱ्हाच वेगळी आहे. बरं, वर्गसमीकरणं सोडवणाऱ्या मातीच्या पाट्या बाबिलोनमध्ये या दोघांच्याही सुमारे अडीच हजार वर्षं आधी लिहिल्या गेल्या होत्या. पहिला कोण हा प्रश्न घेऊन खाली उतरत गेलं की शेवटी मातीच लागते.

दुसऱ्या बाजूच्या दाव्यातही घोळ आहे. 'इस्लामची देणगी' म्हणताना यादीत जी नावं येतात, त्यांत ग्रीक वैद्यक अरबीत आणणारा हुनैन इब्न इसहाक ख्रिस्ती होता आणि गणिती साबित इब्न कुर्रा हर्रानचा, ताऱ्यांची पूजा करणाऱ्या साबियन पंथातला. मग देणगी धर्माची, राज्याची, की अरबी भाषेची? सगळं धर्माच्या खात्यावर जमा करणं मला जमत नाही. पण त्या खात्यावर शून्य टाकणंही खोटं ठरेल, कारण काही प्रश्न धर्मानंच विचारले होते. वाटणीचे अपूर्णांक कुराणात आहेत, म्हणून ती गणितं सुटावी लागली. नमाजाची दिशा हवी, म्हणून गोलावरची त्रिकोणमिती वाढली. वाशिमहून मक्का थेट पश्चिमेला असेल असं वाटतं, दोन्हींच्या अक्षांशात जेमतेम सव्वा अंशाचा फरक आहे. पण गोलावरची सगळ्यात जवळची वाट पश्चिमेपासून सुमारे ९ अंश उत्तरेकडे झुकते. ही अशी दिशा गझनीसाठी काढायची म्हणून अल-बेरूनीनं अख्खा ग्रंथ लिहिला, तो १०२५ मध्ये पुरा झाला. आज आपण मॅप उघडतो आणि बाण बघतो.

दिशा आणि रेषांचं निघालंच आहे तर वाशिमचंही सांगतो. गावात मध्यमेश्वराचं देऊळ आहे आणि पृथ्वीची मध्यरेषा इथून जाते असं लहानपणापासून ऐकलेलं. मला ती गावाची बढाई वाटायची. पण भास्कराचार्यांनी ११८३ च्या 'करणकुतूहल'मध्ये लंकेपासून मेरूपर्यंतच्या मध्यरेषेवरची ठिकाणं दिली आहेत, त्यांत उज्जयिनी आहे आणि वत्सगुल्मही आहे. वत्सगुल्म म्हणजे वाशिम, वाकाटकांची राजधानी. (आजच्या मोजणीनं वाशिम उज्जैनच्या रेषेपासून सुमारे १४० किलोमीटर पूर्वेला आहे. भास्कराचार्यांकडे जीपीएस नव्हतं.)

हीच उज्जैनची रेषा अरबांनी आपल्या कोष्टकांसाठी उचलली. उज्जैनचं अरबीत 'उझैन' झालं. अरबी लिपीत 'झ' आणि 'र' यांच्यात फरक एका टिंबाचा. नकला करता करता कुणाच्या तरी हातून ते टिंब सुटलं आणि उझैनचं 'अरिन' झालं. पुढं लॅटिन ग्रंथांतून हे अरिन युरोपभर फिरलं, थेट कोलंबसच्या पत्रापर्यंत. एका टिंबाचा बग, शेकडो वर्षं कुणी फिक्स केला नाही. पण एवढ्यानं रेषा कुणाची हे पुसलं गेलं नाही, कारण अरब लेखक तिचं मूळ हिंदात आहे हे सांगत राहिले.

मला अडतं ते इथं. शून्य आपलं हे सांगणारे आपले ग्रंथ आहेतच. पण ते जगात गेलं आणि इथूनच गेलं, याचे सगळ्यात मोठे साक्षीदार अरबीत लिहिणारे आहेत. हमालानं मालकाचं नाव पेटीवर नीट लिहून ठेवलं म्हणून पेटी आपली हे ठरतंय, आणि आपण त्याला हमाल म्हणतोय.

अल-बेरूनी १०३० च्या सुमारास भारतावर लिहितो तेव्हा गझनीच्या महमूदच्या स्वाऱ्यांनी इथली भरभराट धुळीला मिळवली हेही लिहितो, त्याच महमूदच्या राज्यात बसून. आणि इथल्या पंडितांबद्दल तक्रार करतो, की आपल्याखेरीज कुणाला काही येतं हे यांना मान्यच नसतं. लगेच पुढं जोडतो, की यांचे पूर्वज असे नव्हते, आणि दाखला देतो वराहमिहिराचा, ज्यानं यवनांना म्लेच्छ म्हटलं तरी ज्योतिषातल्या ज्ञानासाठी ऋषींसारखा मान दिला. परतीची वाटही पुढं चालू राहिली. फिरोजशहा तुघलकाच्या पदरी असलेल्या महेंद्रसूरी या जैन साधूनं १३७० मध्ये अरबांच्या ॲस्ट्रोलेबवर 'यंत्रराज' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. १५८७ मध्ये फैजीनं 'लीलावती' फारसीत नेली.

हे सगळं मी मित्राला सांगितलं. टपरीवर, दहा वर्षं उशिरा. त्या दिवशी वर्गात मी हसलो होतो हेही सांगितलं. "मालूम हाय," तो म्हणाला. "म्या पायलं होतं." मग बराच वेळ आम्ही समोरच्या पाटीवरचे शब्द वाचत बसलो. तहसील, हक्क, वारस, हिस्सा, बाकी, रक्कम. यातला एकही शब्द संस्कृतातून आलेला नाही. 'वारसा'सुद्धा नाही.

त्यानं माझी फाईल ओढली. वर बाबांचं आणि काकांचं नाव, खाली दोन्ही आत्यांच्या हक्कसोडपत्राचा मसुदा. सोमवारी दुय्यम निबंधकांकडे आत्या येऊन सही करणार होत्या. आमच्याकडे असंच होतं. कायद्यानं वाटा समान, पण सही मागायची नसते, ती गृहीत असते.

"अन् तुह्या आत्याले किती?"

मी त्याच्या चिठ्ठीकडे बघितलं. बहिणीच्या नावापुढं सात होते.

"शून्य," म्हणालो.

तो हसला नाही. सोमवारला तीन दिवस होते. मी मोठ्या आत्याला फोन लावला.