पाढ्यांचे पाठांतर

मुलांकडून पाढे पाठ करून घ्यावेत की समजावून द्यावेत, हा वाद आज मोठ्या हिरिरीने घातला जातो. परंतु पंतोजींची शाळा ज्या काळी कोणाच्या ओसरीवर किंवा देवळाच्या ओवरीत भरे, त्या काळी हा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते, कारण तेव्हा पाढा हा गणितापेक्षा व्यवहाराचा विषय होता. रुपयाचे आणे सोळा, आण्याच्या पै बारा, मणाचे शेर चाळीस आणि खंडीचे मण वीस, अशी मापे ज्या बाजारात चालत, तेथे सोळाच्या पाढ्यात अडखळणाऱ्या मुलास दुकानाच्या गादीवर बसविणे अथवा कुलकर्ण्याच्या दप्तरास हात लावू देणे कोणासही परवडले नसते. म्हणूनच तिसापर्यंतच्या पाढ्यांवर न थांबता पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ही अपूर्णांकांची उजळणीही त्याच्याकडून घोकून घेतली जाई, आणि दिवेलागणीच्या परवच्यात श्लोकांच्या जोडीने तीही जिभेवर रुळे. पंतोजींच्या छडीचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. पण सावकाराचे व्याज, शेतसाऱ्याची वसुली आणि धान्याची मापणी त्या मुलाच्या डोळ्यांदेखत घडत असल्यामुळे पाढ्याचा अर्थ त्यास शाळेबाहेर आपोआप मिळत होता.

पुढे सरकारी शिक्षणखाते आले, पाढे छापील अंकलिपीत गेले, आणि दुकानदाराच्या गरजेची जागा डिपोटीसाहेबांच्या वार्षिक तपासणीने घेतली. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चालू झाली, पाठोपाठ किलोग्रॅमही आला, आणि पावकी-निमकीच्या पायाखालची जमीनच सरकली. तथापि घोकण्याची रीत मात्र, तिचे प्रयोजन लोपल्यावरही, शिस्तीचे लक्षण म्हणून शिल्लक राहिली. पाठांतराविषयीचा तिटकारा या अवशिष्ट रीतीतून उपजला, असे मला वाटते.

पश्चिमेकडे हाच विचार निराळ्या वाटेने गेला. एबिंगहाउस या जर्मन पंडिताने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून १८८५ साली असे दाखविले, की एका बैठकीत केलेल्या आवृत्तीपेक्षा काही दिवसांत विभागलेली आवृत्ती अधिक टिकते. अमेरिकेत थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२२ मध्ये अंकगणित म्हणजे सरावाने दृढ होणारे संबंध, अशी मांडणी केली. आणि १९३५ साली तेथीलच ब्राउनेल या शिक्षणतज्ज्ञाने, संख्यांमधील संबंधांचे आकलन नसेल तर नुसता सराव व्यर्थ होय, असा प्रतिपक्ष उभा केला. या दोघांना परस्परांचे वैरी समजून आपण बरीच शाई खर्ची घातली आहे. वस्तुतः मुलाला दोघांचीही गरज असते.

आकलन पाठांतराचा भार किती हलका करते, हे एका साध्या हिशेबाने कळते. दोनपासून नऊपर्यंतच्या पाढ्यांत, एक आणि दहाची घरे सोडली तर, चौसष्ट गुणाकार येतात. सात आठे आणि आठ साते एकच, हे एकदा मनात ठसले की त्यांतील छत्तीसच वेगळे उरतात. आणि दोनाचे व पाचाचे, जे मुलांना सहज येतात, ते वगळले तर केवळ एकवीस. एवढ्यांसाठी मुलाच्या डोळ्यांत पाणी आणणे हा शुद्ध अविचार आहे. चालीवर म्हटलेल्या पाढ्याचा गुण असा, की तो विसरत नाही. आणि दोष असा, की सात आठे विचारले असता मूल सात एके सातपासून धावत येते. तेव्हा पाढा तालावर जरूर म्हणवावा, पण त्यानंतर क्रम मोडून, रोज थोडे आणि मध्ये दिवस टाकून विचारावे, व अडलेल्यास आधीच्या माहीत गुणाकारावरून, म्हणजे सात साते एकोणपन्नास आणि वर सात, असे पुढे जाऊ द्यावे.

तिसापर्यंतच्या पाढ्यांचा आग्रह मात्र, ज्यांना तो हौसेने पेलेल त्यांच्यापुरता ठेवून, इतरांसाठी आता सोडावा हे बरे.