कडवटपणाचे मूळ

कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यात कडवी नावाची नदी आहे. सह्याद्रीच्या कुशीतून निघून ती वारणेस मिळते, आणि वारणा पुढे सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेस मिळते. परक्या मनुष्याने हे नाव ऐकले तर त्यास वाटावे की हिचे पाणी तोंडी धरवत नसेल. प्रत्यक्षात काठची माणसे पिढ्यान्‌पिढ्या तेच पाणी पीत आली, आणि ज्यापासून गूळ होतो तो ऊसही त्याच पाण्यावर पोसला जातो. लहानपणी ह्या विसंगतीचे आम्हांस हसू येई. पुढे वय वाढले तसे मनात येऊ लागले की नाव कडवे आणि पाणी गोड अशी नदी परवडली. बोलणे गोड आणि अंतःकरण कडवे अशी माणसेच जगात फार. त्या माणसांत आमचे स्वतःचे घरही मोडत असल्यामुळे ह्या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

आमचे घर ख्रिस्ती. दिवेलागणीच्या सुमारास सर्व मंडळी एकत्र बसून प्रार्थना करीत. प्रभूने शिष्यांस जी प्रार्थना शिकविली तीत क्षमेचे मागणे आहे, आणि त्या मागण्यास एक विलक्षण अट जोडलेली आहे: आपण आपल्या अपराध्यांशी जसे वागलो असू, तसेच देवाने आपल्याशी वागावे. हे वाक्य आले की आमच्या वडिलांचा एरवीचा खणखणीत आवाज किंचित खाली जात असे. कारण घरातील लहान मुलांसही ठाऊक होते. पलीकडच्या भिंतीआड आमचे चुलते राहत, आणि भातखाचराच्या हातभर सरकलेल्या बांधावरून दोघां भावांचे बोलणे बंद होऊन वीस वर्षे लोटली होती. वडील खोटे बोलणाऱ्यांपैकी नव्हते; म्हणूनच ते वाक्य त्यांच्या घशात अडके. जो सहज खोटे बोलतो त्यास ही प्रार्थना मुळीच जड जात नाही.

येथे शब्दांचा थोडा निवाडा करणे अवश्य आहे. दुःख, क्रोध आणि कडवटपणा ह्या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे क्षमेविषयी पुष्कळ अनर्थकारक उपदेश आजवर झाला आहे. दुःख हा घाव होय. क्रोध ही त्या घावावर उठलेली सूज होय. ती काही काळ आवश्यक असते, किंबहुना शरीर जिवंत असल्याची ती खूण असते. कडवटपणा म्हणजे घाव भरू नये म्हणून मनुष्याने स्वतःच त्यावरील खपली रोज उचकटीत बसणे. क्रोध विचारतो, आता काय करावे? कडवटपणा विचारतो, तेव्हा काय झाले? आणि हा प्रश्न तो आयुष्यभर विचारीत राहतो.

आमच्याच कोल्हापुरातील उदाहरण घ्यावयाचे तर १८९९ साली पंचगंगेच्या काठी वेदोक्ताचा वाद उपस्थित झाला व राजर्षी शाहू महाराजांस शूद्र म्हणविले गेले. अपमान मोठा होता आणि महाराजांस रागही मोठा आला. तथापि तो राग केवळ मनात कुढत राहिला नाही. निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी त्यांनी वसतिगृहे काढविली, आणि २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी रिक्त होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा काढला. अपमानाचा विचार करीत बसलेला मनुष्य अपमान करणाऱ्यापलीकडे काही पाहू शकत नाही. महाराजांस त्यापलीकडची हजारो मुले दिसली. ज्या क्रोधातून दुसऱ्याच्या मुलांस भाकर व पाटी मिळते, त्यास कडवटपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या कर्त्याने कडवटपणास मुळाची उपमा दिली आहे, आणि शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यास ती तत्काळ पटावी. वरचे गवत कापले म्हणजे शेत स्वच्छ दिसते; मूळ मात्र बांधाखालून शेजाऱ्याच्या खाचरात जाऊन फुटते. आमच्या वडिलांचा व चुलत्यांचा वाद दोघांचाच होता, परंतु त्यांची मुले एका शाळेत जात असून वाटेत एकमेकांची सावली टाळीत. आम्हांस त्या बांधाचे काय होते? तरीही तो बांध आमच्या मनातून गेला होता. वाडवडिलांनी शेत ठेवले नाही तरी वैर मात्र पुष्कळदा ठेवलेले असते, आणि त्या वारशाला मृत्युपत्र लागत नाही.

आपल्या परंपरेत ह्या अवस्थेचे एक सुंदर चित्र आहे. लोकांच्या टोचणीने उद्विग्न होऊन ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून बसले, आणि धाकट्या मुक्ताबाईने ती उघडण्यासाठी त्यांची विनवणी केली, अशी कथा आहे. कडवटपणाचे स्वरूप नेमके असेच असते. बाहेरच्यांनी दुखविले खरे. परंतु ताटी आतून लावलेली असते. बाहेरच्या मनुष्याने ती फोडली तर आणखी एक अपराध घडतो. ती उघडावी लागते आतूनच. मात्र बाहेर कोणी तरी प्रेमाने उभे असल्यावाचून आतल्यास उठण्याचे बळ येत नाही.

आता प्रश्न असा की, उघडावयाची कशी? 'विसरून जा' असे सांगणे सोपे आहे, परंतु स्मरण मनुष्याच्या आज्ञेत नाही. 'मन मोठे करा' असेही सांगतात; पण मन हे काही धोतर नव्हे की ओढले म्हणजे लांब व्हावे. केवळ निश्चयाने कडवटपणा जात नाही, असा आमचा अनुभव आहे, कारण त्याच्या बुडाशी एक खरी गोष्ट असते. अन्याय झालेला असतो, आणि त्याचा हिशेब राहिलेला असतो. तो हिशेब आपण सोडला तर जगात तो कोणीच ठेवणार नाही, ही धास्ती कडवट मनुष्यास वही मिटू देत नाही. एका अर्थी तो न्यायाचा एकनिष्ठ, पण थकलेला कारकून असतो.

श्रद्धेचे काम येथे सुरू होते. अपराध झालाच नाही असे म्हणावयास श्रद्धा सांगत नाही. ती एवढेच सांगते की ही वही ठेवणारा तुझ्याहून थोर असा कोणी आहे. ती त्याच्या स्वाधीन कर. पौलाने रोमकरांस सूड घेण्याचा अधिकार देवाकडे सोपविण्यास सांगितले, त्याचा अर्थ देव आपल्यातर्फे लाठी चालवील असा नव्हे. निवाड्याचे ओझे मनुष्याच्या खांद्यास पेलत नाही, एवढाच त्याचा भाव आम्ही समजतो. क्रूसावरून ख्रिस्ताने आपल्या मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली तीही पित्यापाशी मागितली. मरणाच्या वेदनेत त्याने सर्व प्रकरण पित्याच्या हाती दिले, ह्यात आमच्यासारख्या दुबळ्यांस मोठा आधार आहे.

श्रद्धेने वही खाली ठेवली तरी हात रिकामे राहतात, आणि रिकामे हात पुन्हा वहीकडे वळतात. म्हणून प्रीतीची आवश्यकता आहे. जुन्या करारातील नामीचे उदाहरण सर्वांस परिचित असेल. नवरा व दोन्ही मुलगे परदेशी गमावून ती बेथलेहेमास परतली, तेव्हा तिने बायांस सांगितले की मला नामी न म्हणता मारा, म्हणजे कडू, म्हणा. तिच्याशी कोणी वाद घातला नाही. तिची सून रूथ मात्र तिच्याजवळ राहिली, दुसऱ्याच्या शेतात जाऊन सांडलेली कणसे वेचू लागली, आणि संध्याकाळी सासूपुढे जव आणून ठेवू लागली. ग्रंथाच्या अखेरीस म्हाताऱ्या नामीच्या मांडीवर नातू आहे. कोणत्या दिवशी तिचा कडूपणा गेला ते ग्रंथकाराने लिहिलेले नाही, आणि ते योग्यच आहे. तो एका दिवशी जात नसतोच.

आमच्या भाषेत ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे होय. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. ह्या निर्णयाने लक्ष्मीबाईंचे आयुष्य उलटेपालटे झाले, पण तो निर्णय त्यांचा नव्हता. वडिलांच्या घरी सोवळ्याचा जाच सोसलेली, नवऱ्याच्या फिरत्या व लहरी संसारात कशीबशी तग धरलेली ती ब्राह्मण स्त्री, लहान दत्तूसह, नवरा जिवंत असून नवऱ्यावाचून राहू लागली. टिळकांची थोरवी आम्ही मानतो. तथापि पत्नीवर हा घाव त्यांच्याच हातून झाला, हे सांगण्यास ख्रिस्ती मनुष्याने कचरू नये. सत्याच्या शोधात निघालेल्याची पावलेही कोणाच्या तरी अंगावर पडत असतात.

सुमारे पाच वर्षांनंतर, १९०० साली, लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. पण मधला प्रवास एका उडीचा नव्हता. नवऱ्याजवळ राहावयास गेल्यावरही त्यांनी आपले सोवळे निराळे ठेवले. प्रथम त्यांचा विश्वास उडाला तो जातिभेदावरचा; देवाने माणसे एकसारखी केली असता ही उच्चनीचता कोठून आली, ह्या विचाराने त्यांच्या मनाची पहिली गाठ सुटली. नवऱ्याच्या आग्रहाने ओढलेली स्त्री कदाचित मनातून कडवट राहिली असती. स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या चालीने आल्यामुळे त्या मोकळ्या होऊन आल्या.

ह्याचा पुरावा पाहिजे असेल तर १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेली 'स्मृतिचित्रे' पाहावीत. नवऱ्याविरुद्ध तक्रारीचा मोठा खटला उभा करता येईल एवढी सामग्री त्या पुस्तकात आहे. आणि पान उलटावे तो वाचक हसत असतो. ते हास्य वरवरचे नाही. ज्याने वही खाली ठेवली आहे त्यासच आपल्या दुःखाची गंमत सांगता येते. टिळक १९१९ साली निवर्तले; त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्या ख्रिस्ताने एके काळी आपला नवरा हिरावून नेला असे त्यांस वाटले असेल, त्याच ख्रिस्ताची नवऱ्याने अर्ध्यावर टाकलेली कथा त्यांनी हाती घेऊन शेवटास नेली. क्षमेवरील शेकडो प्रवचनांहून आम्हांस ही एक गोष्ट अधिक सांगते.

येथे विचारी वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो योग्य आहे. दुर्बळांस क्षमा शिकविणे म्हणजे बलवानांस मोकळे रान देणे नव्हे काय? जी सून मार खाते तिला, ज्या मनुष्यास पाणवठ्यावरून हाकलले त्यास, 'मनात कटुता ठेवू नका' असे माडीवरून सांगणे ही क्रूरता आहे. असा उपदेश धर्माच्या नावाने पुष्कळ झाला आहे हेही आम्ही नाकारीत नाही. परंतु क्षमा आणि मुकाटपणा एक नव्हेत. पंडिता रमाबाईंचे आईबाप व वडील बहीण दुष्काळात गेली. ऐन तारुण्यात वैधव्य आले. १८९३ साली शारदा सदनावर टीकेचे वादळ उठून पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. त्या गप्प बसल्या नाहीत, आणि कडवटही झाल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी अनाथ मुलींस गोळा केले, आणि केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. ज्या दुष्काळाने त्यांचे घर मोडले, त्याच्याच तोंडातून त्यांनी दुसऱ्यांच्या लेकी काढल्या.

अलीकडचे उदाहरण ओडिशातील आहे. कुष्ठरोग्यांत काम करणारे ग्रॅहॅम स्टेन्स व त्यांचे दोन लहान मुलगे जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर येथे गाडीत झोपले असता जाळून मारण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स ह्यांनी मारेकऱ्यांस क्षमा केल्याचे सांगितले, आणि पुढे काही वर्षे येथेच राहून कुष्ठरोग्यांची सेवा चालविली. तथापि खटला चालला, शिक्षा झाली, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. क्षमेने न्यायालयाचे दार बंद झाले नाही. त्या माउलीच्या अंतःकरणाचे दार तेवढे बंद होता होता राहिले.

हे लिहिताना आमचा स्वतःचा तालुका डोळ्यांपुढून हलत नाही. विशाळगडावरील अतिक्रमणाच्या प्रश्नावरून झालेल्या आंदोलनाच्या दिवशी, १४ जुलै २०२४ रोजी, गडाच्या वाटेवरील गजापूर येथे जमावाने घरांची व मशिदीची नासधूस केली. ज्यांची भांडी रस्त्यावर फेकली गेली त्यांस क्षमेचा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही. क्षमा हे घाव सोसलेल्याचे धन आहे. ते त्याने द्यावे, दुसऱ्याने मागू नये. आमचे कर्तव्य अगोदरचे आहे: मोडलेले उभारून देणे, खऱ्यास खरे म्हणणे, आणि आपल्या मुलांच्या कानी वैराचा वारसा जाऊ न देणे.

आमच्या घरच्या गोष्टीचा शेवट सांगून हा लेख संपवितो. आमच्या मातोश्री दर सुगीस नव्या तांदळाची एक पायली चुलत्यांच्या दारी पाठवीत. ती तशीच परत येई. वडील काही बोलत नसत. मातोश्रीही बोलत नसत. पुढल्या सुगीस पायली पुन्हा जाई. अशी सहा वर्षे गेली. सातव्या वर्षी पायली परत आली ती रिकामी, आणि तिच्यात चुलतीने मूठभर करवंदाचे लोणचे द्रोणात घालून ठेवले होते. त्या संध्याकाळी चुलते ओट्यापर्यंत आले. दोघे भाऊ पावसाविषयी बोलले.

बांध जेथे होता तेथेच आहे. त्याविषयी दोघांचे मत अखेरपर्यंत पालटले नाही, आणि वडील गेले तेव्हाही तो हातभर तुकडा चुलत्यांकडेच होता. परंतु त्या सुगीनंतर प्रार्थनेतील ते वाक्य वडील इतर वाक्यांसारखेच स्पष्ट म्हणू लागले.