द्विजिव्ह

आपल्या भाषेत कपटी माणसाला द्विजिव्ह म्हणतात. शब्द संस्कृतातून आलेला आहे आणि त्याचा दुसरा अर्थ साप असा आहे. सापाची जीभ टोकाशी दुभंगलेली असते, एवढ्या एका गोष्टीवरून हे नाव त्याच्याकडून माणसाकडे आले, आणि येताना त्या मुक्या प्राण्याची अब्रू घेऊन आले. वर्गात समानार्थी शब्द सांगताना हा शब्द मी अनेकदा फळ्यावर लिहिला आहे. तो लिहिताना हात अडखळू लागला आहे तो अलीकडेच.

जीभ दुभंगल्याची कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. कद्रू आणि विनता या दोघी सवतींनी पैज लावली, उच्चैःश्रव्याचे शेपूट पांढरे की काळे? कद्रूने आपल्या सर्पपुत्रांना सांगितले, तुम्ही केस होऊन शेपटाला चिकटा, म्हणजे ते काळे दिसेल. पुत्र प्रथम तयार झाले नाहीत, तेव्हा आईनेच त्यांना शाप दिला की, जनमेजयाच्या यज्ञात जळून मराल! मग भिऊन त्यांनी आईचे ऐकले आणि विनता दासी झाली. तिला सोडवण्यासाठी गरुडाने अमृत आणून दर्भावर ठेवले. सर्प स्नानाला गेले तेवढ्यात इंद्राने ते उचलून नेले. परत आलेल्या सर्पांनी, एखादा थेंब तरी सांडला असेल या आशेने, ते दर्भ चाटले आणि त्यांच्या जिभा चिरल्या. म्हणजे मूळ कथेत दुभंगलेली जीभ ही फसवले गेल्याची खूण आहे. खोटेपणाला आरंभी नकार देणारे तेच, शाप त्यांनाच आणि लबाडाचे नावही त्यांनाच!

आता त्या जिभेचे काम काय ते पाहा. साप जीभ बाहेर काढून लवलव करतो, त्यात ना फूत्कार असतो ना धमकी. हवेतले आणि जमिनीवरचे सूक्ष्म कण जिभेच्या ओलाव्याला चिकटतात, जीभ आत जाते आणि ते कण टाळूतल्या दोन छिद्रांवाटे एका लहानशा इंद्रियापाशी पोचतात. लुडविग जेकबसन या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने १८१३ साली या इंद्रियाचे वर्णन केले, म्हणून ते जेकबसनचे इंद्रिय म्हणून ओळखले जाते. टोके दोन कशाला, या प्रश्नाचा विचार फार पूर्वीपासून चालला होता. १९९४ साली कर्ट श्वेंक या अमेरिकन अभ्यासकाने त्याची नीट संगती लावून दाखवली. डावे टोक एका जागेचा वास उचलते, उजवे टोक दुसऱ्या जागेचा. दोहोंत जिकडे वास दाट, तिकडे वाट. आपण दोन कानांनी आवाजाची दिशा ओळखतो, तसेच हे. एका साक्षीवर भागत नाही म्हणून दोन साक्षी काढणारी ही जीभ आहे. ती बोलत नाही, फक्त विचारते. एका जिभेने दोन गोष्टी बोलण्याची कला आपली, आणि तिला नाव मात्र आपण त्याच्या जिभेचे दिले!

मी नऊ-दहा वर्षांचा असताना आमच्या परसात, गोवऱ्यांच्या ढिगाजवळ, वडिलांनी एक धामण मारली. धामण बिनविषारी, शेतातले उंदीर खाणारी. हे वडिलांना ठाऊक नव्हते असे नाही. पण घरात लहान मुले आहेत म्हटल्यावर काठी आधी उठते. आजी म्हणाली, "अरे, नुसती मारून काय होतंय? जागा जाळ. नाहीतर जोडीदार डूख धरून येईल." वडिलांनी ती जागा रॉकेल टाकून जाळली. तिसऱ्या दिवशी दुपारी दुसरी धामण आली. प्रथम मी पाहिली. त्या जळक्या काळ्या मातीच्या कडेकडेने ती अगदी सावकाश फिरत होती, थांबत होती, जीभ लावीत होती. मी ओरडलो. वडील धावत आले. आजीचे म्हणणे खरे ठरले, असे सगळ्या आळीने मान्य केले, आणि ओरडल्याबद्दल माझी पाठ थोपटली गेली.

डूख धरणे ही कल्पना आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की, मनात सूड बाळगणाऱ्या माणसालाही आपण तोच वाक्प्रचार लावतो. सर्पमित्र सांगतात ते साधे आहे. सापाच्या शेपटीच्या मुळाशी वासाच्या ग्रंथी असतात. त्याला मारताना किंवा चेपताना तो स्राव बाहेर पडतो आणि त्या वासाच्या मागावर दुसरा साप येऊ शकतो. ज्याला मेलेल्याचे नाव ठाऊक नाही, मारणाऱ्याचा चेहरा लक्षात राहत नाही, तो सूड कसला घेणार? तो मातीवर लिहिलेले वाचायला आला होता. सूड आमचा होता, आणि तोही नुसत्या भीतीपोटी आगाऊ घेतलेला.

एवढ्यावर थांबता आले असते तर बरे झाले असते. पण पुढे मी कादंबऱ्या लिहू लागलो आणि त्यांपैकी एकीत जोडीदाराच्या वधाचा सूड घेणारी नागीण घातली. वाचकांना ते प्रकरण फार आवडले. अजून कोणी भेटले की त्या नागिणीचीच गोष्ट काढतो.

वासाच्या या भाषेचा फार बारकाईने अभ्यास झाला तो कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात. तेथे विनिपेगच्या उत्तरेस नार्सिस नावाच्या जागी चुनखडीच्या भेगांतून हजारो गार्टर साप सारा हिवाळा एकत्र काढतात. बर्फ वितळले की आधी नर बाहेर येतात आणि तोंडाशीच वाट पाहत राहतात. मादी एकेकटी बाहेर येते, आणि आली की क्षणात तिच्याभोवती नरांचा गोळा जमतो. ते तिला डोळ्यांनी ओळखत नाहीत, तिच्या कातडीवरच्या स्निग्ध लेपावरून ओळखतात. रॉबर्ट मेसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली त्या लेपातली द्रव्ये शोधून काढली. ती वाऱ्यावर उडत नाहीत, त्यामुळे जीभ अंगाला लावल्याखेरीज निरोप मिळत नाही. पत्र हातात घेऊनच वाचावे लागते, तसे!

या प्रकरणात आपल्या प्रश्नाची गाठ आहे. १९८५ साली मेसन आणि डेव्हिड क्रूज यांनी दाखवले की, काही नरांच्या अंगालाही मादीचा वास येतो आणि इतर नर त्यांच्याभोवती तसेच गोळा होतात. मग हा नर लबाड ठरला. प्रतिस्पर्ध्यांना भलत्याच खटपटीला लावायचे आणि आपला डाव साधायचा, असा त्याचा हेतू असावा, असा एक तर्क झाला. मला हे वाचताना मौज वाटली. हजारो मैलांवरचे विद्वान, पण सापाकडे पाहताच त्यांनाही प्रथम आठवले ते कपटच! पुढे २००१ साली ऑस्ट्रेलियाच्या रिचर्ड शाइन यांनी सहकाऱ्यांसह पुन्हा पाहिले, तेव्हा चित्र बदलले. हा वास काही निवडक ठकांचा नव्हता. बिळातून नुकत्याच बाहेर आलेल्या बहुतेक नरांना तो दिवस-दोन दिवस येत असे. तो नर गारठलेला असतो, त्याला धड पळताही येत नाही आणि वर कावळे टपलेले असतात. अंगाभोवती गोळा झालेल्या नरांची ऊब त्याला मिळते आणि तो झाकलाही जातो. अंग तापले, बळ आले की वास ओसरतो.

याला खोटे म्हणायचे का? त्या अंगावरचे लिखाण चुकीचे आहे, हे खरे. वाचणारा फसतो, हेही खरे. पण लिहिणाऱ्याला आपण काय लिहिले आहे हे ठाऊक नाही, आणि समोरचा ते कसे वाचतो हेही ठाऊक नाही. खोटे बोलायला दोन गोष्टी लागतात असे मला वाटते : समोरचा कशावर विश्वास ठेवतो ते कळणे, आणि कळूनही तेच नेमके वापरणे. थंडीने काकडणाऱ्या सापाकडे यांपैकी काहीच नाही. आमच्या वर्गात पायाला लागल्याचे सोंग करून पहिल्या बाकावर बसणाऱ्या पोराकडे मात्र दोन्ही आहेत, आणि तरी मी त्याला फार रागावत नाही.

२०१२ साली याच सापांवर आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नरांच्या अंगात स्त्रीसंप्रेरकाची कुपी बसवली, तेव्हा वर्षभराने रानातले नर त्यांच्याशी मादीशी वागावे तसे वागू लागले. कुपी काढली की वास गेला. येथे सापाच्या कातडीवर, सापाच्या लिपीत, जाणूनबुजून चुकीचे वाक्य लिहिले गेले, आणि ते लिहिणारा माणूस होता. प्रयोग ज्ञानासाठी होता, त्यात मला काही गैर दिसत नाही. माझे म्हणणे एवढेच की, ज्याची भाषा आपल्याला येत नाही त्याच्याशी खोटे बोलता येत नाही. माझ्या वडिलांनी धामण मारली, पण तिला फसवले नाही. फसवण्याची सोय ज्ञानाबरोबर आली.

आणि ती सोय वापरावीच लागते, असेही प्रसंग येतात. उसाच्या मुळांना लागणारी हुमणी आमच्या भागातल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्येही उसाला अशाच भुंगेऱ्यांच्या अळ्यांनी छळले होते. त्यावर उपाय म्हणून १९३५ साली हवाई बेटांवरून सुमारे शंभर थोराड भेक आणून त्यांची पैदास करून सोडण्यात आली. भेकांनी हुमणी आटोक्यात आणली नाही. स्वतः मात्र कोट्यवधी झाले. त्यांच्या अंगात विष असते. त्यांना खाऊन तिकडचे क्वोल नावाचे रानटी शिकारी प्राणी, घोरपडीचे भाऊबंद आणि साप मरू लागले. या भेकांचे बेडूकमासे आपल्याच जातीची, पण दुसऱ्या मादीने घातलेली अंडी वासावर शोधून खातात. पुढच्या पिढीचा वाटेकरी आधीच संपवायचा, असा निसर्गाचा निर्दय हिशेब. हे ध्यानात आल्यावर मायकेल क्रॉसलंड आणि तेच रिचर्ड शाइन यांनी सहकाऱ्यांसह २०१२ साली भेकाच्या विषग्रंथीतल्या स्रावाचेच आमिष सापळ्यात ठेवले. तळ्यातले बेडूकमासे हजारोंनी आत शिरले. तिथल्या मूळच्या बेडकांची पिल्ले मात्र त्या वासाकडे फारशी फिरकत नाहीत. विषारी औषध पाण्यात ओतण्यापेक्षा हा उपाय किती नेमका!

तरीही तो सापळा म्हणजे एक वाक्य आहे : "येथे अंडी आहेत." आणि तेथे अंडी नाहीत. द्रोणाचार्यांच्या कानी अश्वत्थामा मेल्याचे घालताना धर्मराजाची अडचण याच जातीची होती. युद्ध जिंकायचे होते, जिंकणे न्यायाचे होते, आणि त्या एका वाक्यावाचून ते जमत नव्हते. महाभारतकारांनी त्याला ते वाक्य बोलू दिले. पण त्याचा रथ जमिनीपासून चार बोटे वर चालत असे, तो त्या क्षणी खाली टेकवला. मला या निर्णयाचे नेहमी नवल वाटते. विजय काढून घेतला नाही आणि चार बोटेही परत दिली नाहीत. क्वीन्सलंडच्या तळ्याकाठी मी असतो तर सापळा मीही लावला असता. चूक बेडूकमाशांची नव्हती. त्यांना तेथे त्यांच्या आज्या-पणज्यांसह माणसानेच नेले होते, उसाच्या लोभाने. सापळा लावताना हे आठवले पाहिजे, आणि संध्याकाळी त्यातून निघालेली घमेली मोजताना आपल्या हुशारीचे कौतुक जरा कमी केले पाहिजे.

पुष्कळदा माणूस एवढे करीत नाही. जिथे फसवणे गरजेचे नसते तिथेही तो फसवतो, आणि वर फसवलेल्यालाच कपटी ठरवतो. आपल्याकडे पीळ घालून उभ्या राहिलेल्या दोन धामणी दिसल्या की, नाग-नागिणीचे जुगणे म्हणून लोक त्यांच्यावर कोरा कपडा टाकतात. तो घरात ठेवला की बरकत येते म्हणे. बहुधा ते दोन नर असतात आणि मादीसाठी त्यांची कुस्ती चाललेली असते. हे मी एकदा गावात सांगून पाहिले. ज्यांच्या ट्रंकेत तसा कपडा होता, त्यांना ते आवडले नाही.

माझ्या त्या कादंबरीची नवी आवृत्ती निघायची आहे. काही फेरफार करायचा असल्यास कळवावे, असे प्रकाशकांचे पत्र आले आहे. नागिणीचे प्रकरण काढले तर पुढची चार प्रकरणे कोलमडतात. ठेवले तर डोळ्यांपुढे ती जळकी माती येते, तिच्या कडेने थांबत थांबत चाललेली धामण येते, आणि ओरडायला उघडलेले माझे तोंड येते. पत्र आठ दिवस टेबलावर पडून आहे.