कान तोच, हद्द वेगळी

अमेरिकेतल्या टेक्सारकाना गावात स्टेट लाइन अॅव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. त्याच्या एका अंगाला टेक्सास, दुसऱ्या अंगाला आर्कान्सा. टेक्सासच्या बाजूला वर्षानुवर्षे श्रवणयंत्रे बसवणाऱ्याला पलीकडे दुकान थाटायचे तर आर्कान्साचा वेगळा परवाना घ्यावाच लागतो. गाडीचा परवाना मात्र दोन्हीकडे चालतो.

रस्ता ओलांडताना हातातले कसब कुठे जाते?

प्रश्न कचेरीतला वाटतो, पण आपल्या दर्शनांनी तो फार पूर्वी लढवला आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाध येईपर्यंत ते खरे धरावे. नैयायिकांना हे पटत नाही. समोर दिसते ते पाणी की मृगजळ, हे तहान भागल्यावरच कळते. प्रामाण्य बाहेरून ठरते.

कानाच्या बाबतीत नैयायिकांची शंका रास्तच आहे. यंत्रासाठी कानाचा साचा घेताना आधी आत प्रकाश टाकून पाहतात, मग दोरा बांधलेला स्पंजचा छोटा बोळा नळीत खोलवर बसवतात, आणि पिचकारीने सिलिकॉन भरतात. बोळा नीट बसला नाही, तर ते थेट पडद्यापर्यंत जाऊ शकते. असे काम कुणाच्याही हाती देता येत नाही. डॉक्टरांना परवाना सक्तीचा करण्याचा राज्यांचा अधिकार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८९ मध्ये मान्य केला, तो लोकांच्या रक्षणासाठीच.

पण तपासायचे किती वेळा? प्रमाणाला प्रमाण, त्याला आणखी प्रमाण मागत गेले की अनवस्था होते. इंटरनॅशनल हिअरिंग सोसायटीची लेखी परीक्षा अनेक राज्ये वापरतात. तीच उत्तरे पुन्हा लिहून घेण्याने काय नवे कळणार? इतक्या वर्षांत ज्यांना त्या यंत्र बसवणाऱ्याच्या हातून ऐकू येऊ लागले, ती माणसे हाच तहान भागल्याचा पुरावा. नैयायिकांनाही तोच हवा होता. नव्या परीक्षेची वाट पाहण्यात जे महिने जातात, ते नातवंडांचे बोलणे न कळणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्यातून वजा होतात.

अॅरिझोनाने २०१९ मध्ये परराज्यातले व्यावसायिक परवाने व्यापक प्रमाणावर मान्य करणारा कायदा केला. किमान एक वर्षाचा परवाना हवा, तो रद्द झालेला नसावा, तक्रारीची चौकशी चालू नसावी. मुख्यतः बाध आहे का, हे पाहायचे. फार तर राज्याच्या कायद्यांवर परीक्षा घेता येते. मग परवाना अॅरिझोनाच स्वतःचा देते, त्यामुळे काही चुकलेच तर दाद मागायला कुणाला जुन्या राज्यात जावे लागत नाही.