छडी, खाऊ आणि रजामंदी

बी.एड.ला असताना स्किनरची कबुतरे आम्ही पाठ केली, दहा गुणांचे उत्तर लिहिले आणि पास झालो. धन प्रबलन म्हणजे इष्ट वर्तनानंतर बक्षीस, हे आजही झोपेतून उठवले तरी सांगू. आमचे स्वतःचे बालपण छडीखाली गेले. नोकरीला लागलो तेव्हा २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने छडी बंद झालेली होती. तिच्या जागी आम्ही गोळ्या-चॉकलेटे आणली आणि आपण सुधारलो असे समजून चाललो.

ही समजूत हलली ती प्राणिसंग्रहालयातील जनावरांविषयी वाचताना. पूर्वी आजारी जनावराचे रक्त काढायचे तर त्याला कोंडायचे, दाबून धरायचे किंवा बेशुद्धीचे इंजेक्शन द्यायचे. यात धोका असतो, आणि दहशत तर असतेच. आता बऱ्याच ठिकाणी वेगळा रस्ता धरला आहे. अमेरिकेतील अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयात गोरिला आपण होऊन जाळीला छाती लावतो, आणि बाहेरून त्याच्या हृदयाची सोनोग्राफी होते. बंदिस्त नर गोरिलांना हृदयविकार फार, म्हणून हा खटाटोप. डेन्व्हरला १९९० च्या दशकात बोंगो नावाच्या, जरा आवाज झाला की उधळणाऱ्या हरणांना लाकडी खोक्यात शांत उभे राहून रक्त देण्याची सवय लावली. दार सरकण्याच्या आवाजाला ती बुजू नयेत म्हणून किती सबुरीने काम केले असेल! आम्ही मात्र एका तासात अख्खा धडा उरकतो.

हत्तीचे उदाहरण आम्हाला जास्त भिडले. माहुताचा अंकुश टोचतो आणि हत्तीने ऐकले की टोचणे थांबते. वेदना थांबणे हेच त्याचे बक्षीस. सॅन डिएगोला १९९० च्या सुमारास निराळी रीत बसवली गेली. माणूस गजांच्या बाहेर, हत्ती आत. हत्ती गजांमधल्या झरोक्यातून पाय बाहेर ठेवतो, नखे तासून घेतो, शिट्टी वाजली की फळाचा तुकडा मिळतो. काठी इथेही आहे, पण तिच्या टोकाला चेंडू असतो आणि हत्तीने तो सोंडेने शिवायचा असतो. मन नसेल तर हत्ती पाठ फिरवून निघून जातो. त्याला कोणी काही करत नाही.

आता कोणी म्हणेल, ही कसली रजामंदी? पिंजरा माणसाचा, फळ माणसाचे, वेळही माणसाने ठरवलेली. आक्षेप खोटा नाही. मांजरीला कोंडून ना खायला दिले ना स्वतःचे शोधून खाण्यासाठी सोडले, म्हणून एक स्त्री शिक्षेस पात्र ठरली, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. कोंडणाऱ्यावर दाणापाण्याची जबाबदारी येते, ते उपकार नव्हेत. म्हणून आमच्या मते खरा प्रश्न बक्षिसाचा नाहीच, नकाराचा आहे. जनावर ‘नाही’ म्हणाले तर त्याच्या रोजच्या खाण्यातून काही कापले जाते का? प्रयोगशाळेत कबुतरांचे वजन पोटभर खाण्याच्या वजनाच्या सुमारे ८० टक्क्यांवर ठेवीत, म्हणजे दाण्यासाठी ते चोच मारणारच. तिथे छडी दिसत नव्हती, भुकेच्या रूपाने पोटात होती. चांगल्या प्राणिसंग्रहालयात रोजचे खाणे ठरलेले असते आणि शिकवणीचा खाऊ त्यावर जास्तीचा. एवढ्याने पिंजरा काही उघडत नाही. पण आतल्या जीवाचा नकार तरी ऐकला जातो.

मराठीत तालीम म्हणजे आखाडा किंवा सराव, उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. दोन्ही अर्थ आम्ही एकाच वर्गात सांभाळतो. दोन वर्षांमागे शाळेत तपासणी होती. एका मुलाला पाहुण्यांपुढे नज्म म्हणायला उभे केले. तो उभा राहिला, पण तोंड उघडेना. आम्ही त्याला हात लावला नाही, रागावलोही नाही. फक्त सहलीच्या यादीतून त्याचे नाव काढले. सहल सगळ्या वर्गाची होती, पैसे त्याच्या अब्बांनी आधीच भरलेले. ते परत दिले आणि हिशेब चुकता झाला असे वाटले. छडी उचलली नाही याचा तर अभिमानच वाटला होता.

परवा वर्गात गोरिलाची हकीकत सांगितली. मुले छाती पुढे काढून एकमेकांची सोनोग्राफी करू लागली. मागच्या बाकावरून तोच मुलगा म्हणाला, “सर, उसने नहीं लगाई छाती तो?”

“तो दूसरे दिन पूछते.”

“और उस दिन का खाना?”

“मिलता है,” आम्ही म्हणालो. तो आमच्याकडे पाहत राहिला. तास संपायला अजून दहा मिनिटे होती आणि आम्हाला पुढे काय शिकवायचे ते आठवेना.