आप्तवाक्य आणि शिक्षकाची पात्रता

रायगड जिल्ह्याच्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील ठाकूर व कातकरी वाड्यांवर मुलाला शाळेत घालणारे अनेक पालक स्वतः फारसे शाळेत गेलेले नसतात, आणि त्यामुळे शिकवणाऱ्याला विषय येतो की नाही हे पारखण्याचे साधन त्यांच्या हाती नसते. न्यायदर्शनाच्या परिभाषेत त्यांना येथे प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांनी होणारे ज्ञान, मिळत नाही आणि अनुमानही तोकडे पडते. उरते ते शब्दप्रमाण, म्हणजे विश्वासार्ह व्यक्तीच्या सांगण्यावरून होणारे ज्ञान. शिक्षकाची पदविका किंवा शिक्षक पात्रता परीक्षेचे प्रमाणपत्र ही अशीच ग्वाही असते, आणि ज्याच्यासाठी ती दिली जाते त्याच्या कानी ती पडत नसेल तर तिला अर्थ उरत नाही.

बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने ही उणीव अर्धीच भरून काढली आहे. त्याच्या २३व्या कलमानुसार शिक्षकाला ठरवून दिलेली किमान पात्रता असावी लागते, आणि २४व्या कलमाने मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती पालकांना कळवण्याचे कर्तव्य शिक्षकावर टाकले आहे. स्वतःची पात्रता सांगण्याचे कर्तव्य मात्र त्या कलमात नाही. अमेरिकेत वंचित वस्त्यांसाठीचे केंद्रीय अनुदान घेणाऱ्या शाळांच्या पालकांना, शिक्षकाची पात्रता विचारण्याचा हक्क त्यांना आहे, असे दरवर्षी कळवावे लागते.

वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत निवडीला वावच नसल्याने ही माहिती घेऊन पालक करणार काय, असा आक्षेप घेतला जातो. पण तो पालकाला गिऱ्हाईक समजतो. पालक हा मुलाच्या वतीने जबाबदारी वाहणारा विश्वस्त आहे, आणि दुकान बदलता येवो वा न येवो, विश्वस्ताला हिशेब विचारावाच लागतो. गुरूची पारख करणे ही अश्रद्धा होय, हा दुसरा आक्षेप तर मराठी परंपरेतच टिकत नाही, कारण ज्या दासबोधाचे लेखन याच रायगड जिल्ह्यातील शिवथरघळीत झाल्याचे मानले जाते, त्याच्या पाचव्या दशकात रामदासांनी गुरूची लक्षणे सांगताना शिष्याला साधनेला न लावणाऱ्या गुरूंना कवडीमोल ठरवले आहे.

खरी अडचण वेगळी आहे. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन आप्ताच्या, म्हणजे ज्याचे वचन प्रमाण मानावे त्याच्या, ठायी दोन गोष्टी अपेक्षितो: त्याने वस्तू स्वतः जाणलेली असावी आणि जाणली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या महाराष्ट्राच्या शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार उघड होऊन २०२२ साली साडेसात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरले, तेव्हा ग्वाही देणाऱ्या यंत्रणेतच ही दुसरी अट मोडली होती. म्हणून कागद पाहण्याच्या हक्कात तो कागद कसा मिळाला हे विचारण्याचा हक्कही धरावा लागतो. उलटपक्षी, माथेरानच्या भाई कोतवालांनी स्वातंत्र्यपूर्व काळात कर्जत तालुक्यात ज्या स्वयंसेवी शाळा चालवल्या, त्यांतील शिकवणाऱ्यांची योग्यता पदविकेवर मोजता आली नसती.

याच संदर्भात वात्स्यायनाचे आणखी एक म्हणणे मोलाचे ठरते: आप्ताचे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते, असे तो सांगतो. पावसाळ्यात गुरुजी वाडीपर्यंत चढून येतात की नाही, मुलाची कातकरी बोली त्यांना कळते की नाही, हे कातकरी आईने प्रत्यक्ष पाहिलेले असते, आणि त्यापुरती ती कोणत्याही परीक्षा परिषदेइतकीच आप्त आहे. जिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत अशी कायद्याची अट आहे, ती शाळा व्यवस्थापन समिती तिची साक्ष नोंदवण्याची जागा होय. परंतु दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे पावसाच्या तोंडावरच वाडीवर परततात, आणि मधल्या महिन्यांतील सभा त्यांच्यावाचूनच होतात.